ऐंशी टक्के संवेदनशील

३० जून, सोमवार

आज ऑफिसात जाहीर झालं की आम्हा सगळ्यांना ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दल संवेदनशील व्हायचंय. मुदत आठ ऑगस्ट. ऐंशी टक्क्यांपेक्षा कमी संवेदनशील निघालात तर परत परीक्षा.

झालंय असं की आमचा क्लायंट म्हणजे तिकडची एक विमा कंपनी. त्यांच्या लोकांचे क्लेम आम्ही इथे वागळे इस्टेटमध्ये बसून पास करतो नाहीतर लटकवतो. आता त्या कंपनीला वाटलंय की आपल्याला तिथल्या मूळ लोकांशी नीट वागायला हवं. त्यांनी ते आमच्या प्रीती मॅडमना कळवलं आणि मॅडमनी आम्हाला. मॅडम मॅनेजर आहेत. त्यांना कुठलीही गोष्ट सांगा, त्या तिचा इव्हेंट करतात.

म्हणून हा ऑनलाइन कोर्स. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा आणि एक खाजगी दैनंदिनी ठेवा. 'या प्रवासात तुम्हाला काय वाटलं ते मोकळेपणाने लिहा, कोणीही तपासणार नाही.' शेवटचं वाक्य नसतं तर मी इंग्रजीत तीन गोड ओळी खरडून मोकळी झाले असते. कोणी तपासणार नाही, तर खरंच लिहिते.

पहिली खरी गोष्ट: मी संचिता वाघ, वय एकोणतीस, स्वतः आदिवासी आहे. ठाकर. मुरबाडच्या पुढचे डोंगरातले. ऑफिसात हे कोणालाही माहीत नाही. वाघ आडनावाचा हाच फायदा. ते कुठेही बसतं. लोक आपापल्या सोयीचा वाघ समजून घेतात.

म्हणजे आता आदिवासींशी कसं वागावं याचा मला कोर्स करायचाय. नापास झाले तर मजा येईल.

४ जुलै, शुक्रवार

मॉड्यूल एक झालं. सारांश: गोरे लोक बोटीतून उतरले, किनाऱ्यावर उभी माणसं बघितली आणि कागदावर लिहिलं की ही जमीन कोणाचीच नाही. आमच्या गावी वनखात्याचा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा बोट नव्हती, जीप होती, एवढाच फरक. पण असला पर्याय क्विझमध्ये नव्हता. मी 'ब' टिक केलं. बरोबर आलं.

तिकडे प्रत्येक मीटिंगच्या आधी म्हणतात की आम्ही ज्या जमिनीवर बसलोय तिच्या मूळ रक्षकांना वंदन करतो. मॅडमना हे फार आवडलं. आज सकाळच्या स्टॅण्डअप मीटिंगला त्यांनी डोळे मिटून म्हणून टाकलं, "वी ॲकनॉलेज द ट्रॅडिशनल ओनर्स ऑफ वागळे इस्टेट." मागून राजरत्न हळूच म्हणाला, "एमआयडीसी."

राजरत्न कांबळे माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो, राहतो कळव्याला. पहिल्याच आठवड्यात मला म्हणालेला, "आडनाव कांबळे असल्याचा एक फायदा असतो. कुणाच्यातला ते कोणी विचारत बसत नाही. तेवढाच वेळ वाचतो." मला कळेना हसू की नको. मग तोच हसला.

जेवताना सर्वेशने धमाल केली. सर्वेश सावंत, डोंबिवलीचा, आणि दीड वर्षापासून माझा. (हेही ऑफिसात माहीत नाही. माझ्याबद्दल ऑफिसात नक्की काय माहीत आहे, देव जाणे.) तर सर्वेश म्हणाला, "तिकडे काय, संसदेत उभं राहून सॉरी म्हणावं लागलं. आपल्याकडे बरंय. सॉरीबिरी काही नाही, डायरेक्ट सीट देतात."

सगळे हसले. मीही हसले, बहुतेक सगळ्यात जास्त. राजरत्न डबा उघडत होता, तो हसला नाही. त्याला कधीकधी विनोद कळत नाहीत.

सर्वेशच्या पोटात काही नसतं. बोलायला जातो आणि निघून जातं तोंडातून. मागच्या महिन्यात मला ताप होता तर डोंबिवलीहून कल्याणला येऊन, बिल्डिंगखाली उभं राहून शहाळं देऊन गेला. वर आला नाही, कारण बाबा होते.

६ जुलै, रविवार

आज दुसरं मॉड्यूल हॉलमध्ये लावलेलं. बाबा मागे येऊन उभे राहिले.

बाबा म्हणजे परशुराम वाघ, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक होऊन निवृत्त. आई गेल्यापासून कल्याण पूर्वेच्या या घरात आम्ही दोघंच. बाबांचं मराठी इतकं स्वच्छ आहे की सोसायटीतल्या अर्ध्या लोकांना ते कोकणस्थ वाटतात. गणपतीत मंत्रपुष्पांजली त्यांनाच सांगायला लावतात. बाबा कधी 'हो' म्हणत नाहीत, कधी 'नाही' म्हणत नाहीत. त्यांचं धोरण एकच. विचारलं तर सांगायचं. आणि कोणी विचारणार नाही असं वागायचं.

मला ते लहानपणी भित्रेपणाचं वाटायचं. मग मी कॉलेजला गेले. फर्स्ट इयरला बोर्डावर प्रवेशाची यादी लागली, माझ्या नावापुढे एसटी. त्यानंतर 'किती टक्क्यांवर आलीस गं?' हे गुड मॉर्निंगसारखं झालं. नोकरी लागली तेव्हा मी बाबांचं धोरण जसंच्या तसं उचललं. चांगलं चाललंय. मला काही फरक पडत नाही.

व्हिडिओत एक म्हातारी बाई बोलत होती. आंटी डोरीन. तिकडे वडीलधाऱ्यांना सगळे आंटी-अंकल म्हणतात, नात्यातले असोत नसोत. बाबा म्हणाले, "ही बाई कोण?"

"कोर्समधली. शेवटी हिचं लाइव्ह सेशन आहे."

"जरा मागे घे. ती काय म्हणाली?"

मी मागे घेतलं. ती म्हणत होती की शाळेत आमची भाषा बोललं की मार मिळायचा. बाबांनी ते परत घ्यायला लावलं. मग म्हणाले, "इंग्रजी स्पष्ट आहे हो बाईंचं."

शिक्षकाचा जीव. उच्चार तपासतो.

१० जुलै, गुरुवार

बाबांनी माझ्या लॅपटॉपवर माझ्याच लॉगिनने मॉड्यूल तीन, चार आणि पाच संपवलेत. मी अजून तीनवर होते. तिन्ही क्विझमध्ये पैकीच्या पैकी. मॅडमनी ग्रुपवर टाकलं, 'प्राउड ऑफ यू संचिता!! सो सेन्सिटिव्ह!!'

१३ जुलै, रविवार

मॉड्यूल सहा. आईबापांपासून काढून नेलेली मुलं. सरकारने पोरं उचलली, लांबच्या संस्थांमध्ये ठेवली, नावं बदलली, भाषा सोडायला लावली. हे मॉड्यूल मी आणि बाबांनी एकत्र बघितलं. मी चिवडा खात होते. पंधराएक मिनिटांनी बाबांनी स्वतःच थांबवलं.

"माझंही असंच आहे साधारण," ते म्हणाले.

"काय असंच?"

"आश्रमशाळा. मला मात्र कोणी उचलून नेलं नाही. आईनेच पोचवलं. दिवसभर चालून. गेटवर सोडलं आणि मागे न बघता गेली. आता कळतं, का बघितलं नाही. तेव्हा वाटलं, हिला काही वाटत नाही."

मला एवढंच माहीत होतं की बाबा आश्रमशाळेत शिकले. आजी म्हणजे गंगुबाई, ती माझ्या जन्माआधी वारली; तिच्याबद्दल याहून जास्त काही कधी बोलले नव्हते.

"तिथे मी चार दिवस धाकू होतो," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"माझं नाव धाकू. घरचं, खरं. वर्गात आम्ही चार धाकू. गुरुजी म्हणाले, हे काय नाव आहे? हजेरी कशी घ्यायची? मग मला परशुराम केलं, दुसऱ्याला प्रल्हाद, तिसऱ्याला पांडुरंग. गुरुजींच्या डोक्यात त्या दिवशी 'प' असणार."

"आणि चौथा?"

"चौथा आदल्या रात्रीच पळून गेला. तो धाकूच राहिला. आहे अजून पाड्यावर."

मी हसले, कारण ते गमतीत सांगत होते. तेही हसले. मग म्हणाले, "आपला शब्द तोंडातून गेला की अंगठे धरून उभं राहायचं. मी वर्गात सगळ्यात कमी वेळा अंगठे धरले. फार हुशार होतो मी."

"राग नाही येत तुम्हाला?"

"दोन वेळ भात मिळायचा गं. घरी नाचणी, तीही पावसाळ्यात अर्धी. भाताचा राग कसा करू?" बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. "त्याच गुरुजींनी मला वाचायला शिकवलं. ताप आला तर रात्रभर बसले होते. तुझ्या या कोर्सात मी कुठल्या रकान्यात बसतो ते बघ आणि मला सांग."

मी बघितलं. तसा रकाना नाहीये.

मग बाबा आत गेले आणि बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. आमच्याकडे पाण्याचा काही भरवसा नसतो, आलं होतं म्हणून बादल्या भरत असतील.

२२ जुलै, मंगळवार

मला वाटलंच होतं की इव्हेंट होणार. आठ ऑगस्टला शेवटचं सेशन, आंटी डोरीन थेट ऑस्ट्रेलियातून बोलणार, दुसऱ्या दिवशी जागतिक आदिवासी दिन. मॅडमना एवढा योग पुरेसा आहे. थीम 'ट्रायबल'. सगळ्यांना वारली चित्रांचे स्टोल आणि डोक्याला पिसं. पिसं ऑनलाइन मागवलीत, पाकिटावर 'रेड इंडियन पार्टी सेट' लिहिलंय.

आणि नाच. "संचिता, तारपा डान्स तू लीड करायचास," मॅडम म्हणाल्या.

"मीच का मॅडम?"

"अगं तुझं कॉम्प्लेक्शन कसं परफेक्ट आहे! मेकअपसुद्धा नको!"

तर हा माझा पहिलाच अस्सल आदिवासी सन्मान, आणि देणाऱ्याला माहीतच नाही. शिवाय तारपा वारल्यांचा, मी ठाकर. आमचा कांबड नाच. ठाकरणीला तारप्यावर नाचवायचं म्हणजे मालवण्याला भांगडा करायला लावण्यासारखं. पण हे सांगायला गेलं तर 'तुला कसं माहीत?' येणार. मी म्हटलं, "चालेल मॅडम."

चहाच्या मशीनपाशी राजरत्न म्हणाला, "नाचायचं नसेल तर पाय मुरगळला म्हणून सांग. मी साक्षीदार होतो."

"मला काय प्रॉब्लेम आहे नाचायला?"

"नाही, काही नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू माझं काहीतरी खाली पडलंय आणि मला माहीत नाही. "पण असेल तर सांग."

विचित्र आहे तो. सर्वेशला सांगितलं तर तो म्हणाला, "भारी! व्हिडिओ काढून आईला पाठवतो. तिला कळू दे सून नाचते पण." सून म्हणाला! घरी सांगितलंय त्याने. त्याच्या आई म्हणाल्या, वाघ म्हणजे आपल्यातलेच, नाशिककडचे असतील. सर्वेशने 'असतील' म्हटलं. मी काहीच म्हटलं नाही. म्हणजे मी कुठे खोटं बोलले?

८ ऑगस्ट, शुक्रवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही सगळे बसलेलो, पिसं लावून. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर आंटी डोरीन. मागे साधं स्वयंपाकघर, ओट्यावर किटली. तिने आमच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ही पिसं कुठल्या पक्ष्याची?"

मॅडम म्हणाल्या, "ऑनलाइन."

"अच्छा," आंटी म्हणाली. "तो पक्षी आमच्याकडे पण झालाय फार."

मला वाटलेलं ती भाषण देईल. पण ती म्हणाली, मी सहा आठवडे तुमच्याशी बोलतेय, आता तुम्ही सांगा. हू इज युअर मॉब? मग तिने अर्थ सांगितला. मॉब म्हणजे तुझी माणसं. तू कुठल्या मातीतली, तुझी आजी कोण. आमच्यात कोणी भेटलं की आधी हेच विचारतो, म्हणजे नातं कसं जोडायचं ते कळतं.

मी गारच पडले. हा प्रश्न मला जन्मापासून पाठ आहे. कुणाच्यातले तुम्ही? आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग आवाज बारीक करून, 'म्हणजे तुम्ही...?' आणि पुढची जागा रिकामी सोडतात. मी आयुष्यभर त्या रिकाम्या जागेवरून उडी मारत आलेय. आणि ही बाई तोच प्रश्न असा विचारत होती, जशी कोणी 'जेवलीस का?' विचारतं.

सगळ्यांची पाळी आली. मॅडम म्हणाल्या, आमची टीम हीच माझी मॉब. सर्वेश म्हणाला, "सावंत. बेसिकली वॉरियर्स." राजरत्न म्हणाला, "मी राजरत्न. माझी माणसं साताऱ्याकडची. गावाबाहेर ठेवलेली. मग एके दिवशी आम्ही देव बदलले आणि गावही सोडलं. आजी गाणी म्हणायची, त्यातली दोन मला येतात." आंटीने मान हलवली, हळू, बराच वेळ. मला त्याचा हेवा वाटला. का ते माहीत नाही.

मग मी. मी तयारी केलेली, 'आय ॲम संचिता फ्रॉम कल्याण.' पण ते पीस सारखं डोळ्यात जात होतं, वैताग आलेला. मी ते डोक्यावरून ओढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "मी संचिता. आम्ही ठाकर. मुरबाडच्या पुढच्या डोंगरातले. आदिवासी. माझ्या आजीचं नाव गंगुबाई. माझ्या वडिलांचं नाव धाकू."

एसीचा आवाज केवढा असतो ते मला आज कळलं.

आंटी म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. आता तुला शोधायचं तर कुठे शोधायचं ते मला माहीत झालं."

मग पुढचा माणूस बोलला. मी ऐकलं नाही. नाच झाला नाही. मॅडमनी सगळ्यांना गुपचूप खूण केली आणि एकेक पीस खाली उतरलं.

बाहेर आल्यावर मॅडमनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "अगं आधी सांगायचंस ना! तुलाच मध्ये ठेवलं असतं!" अकाउंट्सवाली समृद्धी म्हणाली, "वाटत नाहीस गं अजिबात." दोन आठवड्यांपूर्वी मेकअपसुद्धा नको होता. एकदा सगळ्यांनी बसून ठरवा.

राजरत्न फक्त म्हणाला, "चहा?" मी विचारलं, "तुला माहीत होतं?" तो म्हणाला, "जो माणूस 'गाव कुठलं' म्हटल्यावर विषय बदलतो ना, तो मला लांबून ओळखू येतो. मी पण दोन वर्षं केलंय ते, आधीच्या कंपनीत."

सर्वेश जिन्यात भेटला. "मला आधी सांगायला हवं होतंस."

"हो. सांगायला हवं होतं."

"मला काही प्रॉब्लेम नाही गं. माझा प्रश्नच नाही. पण आईला काय सांगू?"

मी म्हटलं, "मॉड्यूल सहा बघायला सांग."

तो हसला नाही. पण समजू शकते मी, एकदम धक्का बसला असणार. वेळ मागितलाय त्याने.

९ ऑगस्ट, शनिवार

सकाळी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. इतकी वर्षं सांभाळलेलं मी एका पिसापायी सांडून आले.

बाबांनी पेपर खाली ठेवला. "माझं नाव काय सांगितलंस?"

"धाकू."

"आडनावासकट?"

"नाही. नुसतं धाकू."

"हं," एवढंच. मग उठले, इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला आणि म्हणाले, भाजी घेऊन येतो. चौकातून आदिवासी दिनाची मिरवणूक चाललेली, ढोल घरापर्यंत ऐकू येत होते. मी म्हटलं, आज गर्दी आहे, नंतर जा. ऐकलं नाही. दुपारी तीनला परत आले, भाजी न घेता. शर्टभर पिवळा भंडारा आणि आवाज पूर्ण बसलेला. विचारलं तर म्हणे, रस्त्यात फार धूळ होती. या वयात घसा सांभाळायला नको?

१७ ऑगस्ट, रविवार

सर्वेशचा फोन! आवाज एकदम मोकळा. "झालं काम. आई तयार आहे."

मी पलंगावर उडीच मारली. "काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. ठाकूर म्हणून."

"ठाकर."

"हो तेच गं. तुमच्या दाखल्यावर ठाकूरच असतं ना? आई म्हणाली, ठाकूर म्हणजे राजपूत! तिकडे यूपीत असतात तसे. माझ्या बाबांना म्हणाली, घराणं तालेवार आहे."

मी पलंगावरून खाली उतरले.

"मी खोटं कुठे बोललो? तिने समजून घेतलं. तू फक्त मुरबाड म्हणू नकोस, 'पूर्वी तिकडून आलेले' म्हण. आणि तुझ्या बाबांचं मराठी एवढं भारी आहे, प्रश्नच नाही. पुढच्या रविवारी या घरी दोघं."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हिशेब मांडला. त्याने हे माझ्यासाठी केलं. आईशी भांडला नाही, कारण आईला बीपी आहे. आणि शब्द न शब्द तो तेच करत होता जे मी ऑफिसात केलेलं आणि बाबांनी सोसायटीत. मग मला इतकं घाण का वाटतंय?

बाबांना सांगितलं. मला खात्री होती, ते म्हणतील, जाऊ दे, लग्न होऊ दे, मग बघू. हयात गेली त्यांची यात. बाबा म्हणाले, "जाऊया की. त्यांनी बोलावलंय तर जायला हवं." मग बघते तर इस्त्री करत बसलेले. रविवारला सात दिवस आहेत.

२४ ऑगस्ट, रविवार

डोंबिवलीला जाऊन आलो.

सावंत काकूंनी जय्यत तयारी केलेली. कांदेपोहे, खोबऱ्याच्या वड्या, नव्या कपबश्या. तीन दिवसांवर गणपती, तर हॉलच्या अर्ध्या भागात मखराचं सामान. काकू खरंच प्रेमाने वागत होत्या. मला जवळ बसवलं, माझ्या केसांचं कौतुक केलं. सर्वेश समोर, मला डोळ्यांनी धीर देत.

काकू बाबांना म्हणाल्या, "सर्वेशने सांगितलं आम्हाला. राजपूत लोकांचा थाटच वेगळा हो. तुम्ही इकडे कधी आलात मग?"

बाबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मी मनात म्हटलं, आता आलं ते धोरण. 'फार पूर्वी' म्हणतील आणि वडीची चव कशी छान आहे ते सांगतील.

"ताई, राजपूत नाही हो," बाबा म्हणाले. तेच स्वच्छ मराठी, एकेक अक्षर सुटं. "सर्वेशरावांचा काहीतरी गैरसमज झाला असेल. आम्ही ठाकर. आदिवासी. इकडे आलो नाही, आम्ही इथलेच. मुरबाडच्या पुढे आमचा पाडा आहे. माझी आई रानातली करवंदं आणि मोळ्या विकायला बाजारात यायची. मुलगी तुमच्या घरात यायची असेल तर तुम्हाला हे माहीत असायला हवं. नंतर तिला कोणी खोटारडी म्हटलेलं मला चालणार नाही."

काकूंचा चेहरा पडला असं नाही म्हणता येणार. त्यांनी तो सांभाळला. पाहुण्यांसमोर बाई किती सांभाळते ते मी बघत होते. "तसं आमचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "आम्ही मानत नाही असलं काही. पण गावी दीर आहेत, जाऊ आहेत. देवाचं असतं घरात..." आणि सर्वेशकडे बघितलं.

मीही सर्वेशकडे बघितलं. बाबांनीही. सर्वेशचे बाबा टीव्हीकडे बघत होते, तो बंद होता.

मला लांबलचक काही नको होतं. 'आई, मी लग्न करणार आहे' एवढं चार-पाच शब्दांचं. किंवा नुसतं 'आई' म्हटलं असतं जरा वेगळ्या आवाजात, तरी मी पुढची चाळीस वर्षं चालवून घेतली असती.

सर्वेश म्हणाला, "पोहे गार होतायत काका."

बाबांनी बशी उचलली आणि पोहे संपवले. सगळे. अन्न टाकायचं नाही हे आश्रमशाळेतलं. मग रुमालाने तोंड पुसलं, म्हणाले, "फार चवदार होते," आणि माझ्याकडे बघितलं. मी उठले.

सर्वेश खालपर्यंत आला. म्हणाला, "काकांनी एवढं लगेच सांगायला नको होतं. मी हळूहळू हँडल केलं असतं." मी म्हटलं, "तुझी वडी राहिली बघ बशीत, जा." तो म्हणाला, "रागावलीस?" मी म्हटलं, "नाही." खरंच राग नव्हता. त्याला शहाळं घेऊन खाली उभं असलेलं आठवलं, आणि कळलं की तो कायम खालीच उभा राहणार होता. फोन करू नकोस म्हणून सांगितलं. त्याने 'बरं' म्हटलं. लगेच म्हटलं.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. मी बसल्या बसल्या रडायला लागले, चांगलीच, नाकबीक वाहून. बाबांनी पोहे पुसलेला रुमाल दिला. त्यांना समजावता येत नाही, ते बाहेर बघत बसले. रिक्षावाल्याने आरशात माझ्याकडे बघितलं, बिचारा गोंधळला. मग बाबांना विचारलं, "काका, कुठून?"

बसताना आम्ही नुसतं 'कल्याण' म्हटलेलं. त्याला विचारायचं होतं, ठाकुर्लीवरून घेऊ की शीळ रोडने.

बाबा म्हणाले, "मुरबाडच्या पुढून."

"आं?"

"मुरबाडहून घाटाच्या अंगाला आत जायचं. डांबरी संपली की ओढा लागतो. त्याच्या वर आमचा पाडा. वीसेक घरं. आम्ही ठाकर. आता ठाकरांत दोन प्रकार, म ठाकर आणि क ठाकर..."

"बाबा," मी म्हटलं.

"थांब गं, त्यांनी विचारलंय. तर आम्ही म ठाकर. माझी आई गंगुबाई. तिला रानातली प्रत्येक भाजी नावाने माहीत, कुठली कधी उगवते, कुठली खाल्ली तर माणूस मरतो. माझं नाव धाकू. धाकू वाघ."

रिक्षावाला भला माणूस होता. तो मध्ये तोडेना. बाबांचा आवाज वाढत गेला, सिग्नलला बाजूच्या स्कूटरवाल्या बाईनेही वळून बघितलं. ते स्वच्छ मराठी कुठेतरी मागे पडलं आणि मी कधीच न ऐकलेले शब्द यायला लागले. त्यातले निम्मे मला कळत नव्हते. मी नाक पुसत विचारलं, "म्हणजे काय बाबा?" तर ते सांगायचे आणि पुढे जायचे. ठाकुर्लीचं वळण मागे गेलं. पुढचंही गेलं. शेवटी रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली, मागे वळला आणि अदबीने म्हणाला, "काका, पुढे सांगा, पण आपण जायचंय कुठे?"